रद्दीतील रणांगण

संग्राहक म्हटला की नाणी, पोस्टाची तिकिटे, फार तर अडकित्ते आणि दिवे जमविणारा गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. जुन्या युद्धांची वृत्तपत्रीय छायाचित्रे आणि छापील चित्रे जमविणारा मनुष्य मात्र लोकांना किंचित विक्षिप्त वाटतो. नाण्याला धातूचे मोल असते, तिकिटाला बाजार असतो. पण घडीवर तुटलेल्या, हळदीसारख्या पिवळ्या पडलेल्या कागदावरील धुरकट सैनिकांना काय मोल असावयाचे? हा प्रश्न मला रद्दीवाल्याने कधी विचारला नाही. तो बिचारा वजन करतो, पैसे घेतो आणि गप्प बसतो. प्रश्न येतो तो घरातून, आणि तोही बहुधा दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी. त्याचे सविस्तर उत्तर एकदा द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे सांगितले पाहिजे की 'युद्धाचे जुने चित्र' या एकाच नावाखाली तीन अगदी निराळ्या वस्तू बाजारात फिरत असतात, आणि नवशिक्याची फसगत होते ती येथेच. लाकडी ठशावरून छापलेले चित्र ही पहिली वस्तू. वर्तमानपत्रात किंवा साप्ताहिकात बारीक ठिपक्यांच्या जाळीतून छापलेले छायाचित्र ही दुसरी. आणि वृत्तसंस्थेने संपादकाच्या टेबलावर पाठविलेली, निगेटिव्हवरून प्रत्यक्ष काढलेली छायाचित्राची प्रत ही तिसरी. तिन्हींचा जन्म वेगळा, आयुर्मान वेगळे, आणि पारख करण्याची रीतही वेगळी.

लंडनचे 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हे सचित्र साप्ताहिक १८४२ साली निघाले. छायाचित्रणाची कला तोवर जन्मास आली होती, परंतु छायाचित्र शाईने कागदावर छापण्याची युक्ती सापडलेली नव्हती. १८५५ मध्ये रॉजर फेंटन हा इंग्रज छायाचित्रकार क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेला तो मद्याच्या व्यापाऱ्याची एक जुनी घोडागाडी घेऊन. तिची त्याने अंधारखोली केली होती. कारण त्या काळच्या पद्धतीत काचेवर ओले रसायन पसरून ते सुकण्यापूर्वीच चित्र घ्यावे लागे आणि लगेच धुवावेही लागे. साडेतीनशेहून अधिक चित्रे घेऊन तो परतला. त्यांत तंबू आहेत, तोफा आहेत, ऐटीत बसलेले सेनाधिकारी आहेत, तोफगोळे विखुरलेली एक उजाड दरी आहे. प्रेत मात्र एकही नाही. ही चित्रे वाचकांपर्यंत पोहोचावयाची तर चित्रकाराने ती पाहून बॉक्सवुड नावाच्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर पुन्हा रेखाटावीत आणि कोरक्याने ती कोरावीत, असा खटाटोप करावा लागे. मोठे चित्र असले म्हणजे अनेक छोटे ठोकळे एकमेकांना जोडून घेत. रेखाटन झाले की ते सुटे करून निरनिराळ्या कोरक्यांत वाटीत आणि कोरून झाल्यावर पुन्हा जोडीत. म्हणून अशा चित्रावर भिंग धरले असता कधी कधी केसासारख्या सरळ पांढऱ्या रेषा संपूर्ण चित्रभर उभ्या-आडव्या गेलेल्या दिसतात. नवशिका त्यांना व्यंग समजतो. जाणता मनुष्य त्या दिसल्या की सुखावतो, कारण ते ठोकळ्यांचे सांधे होत.

आपल्या देशातील उदाहरण हवे असेल तर ते लखनौचे आहे. फेलिचे बियाटो हा छायाचित्रकार १८५८ साली तेथे पोहोचला. सिकंदरबागेतील कत्तल झाली होती नोव्हेंबर १८५७ मध्ये, म्हणजे तो येण्यापूर्वी काही महिने. तरीही त्याच्या प्रसिद्ध चित्रात पडक्या वास्तूसमोर अंगणभर अस्थी पसरलेल्या दिसतात. त्या चित्रासाठी पुन्हा उघड्यावर आणून मांडल्या गेल्या असाव्यात, असे अभ्यासकांचे मत आहे. युद्धाचे छायाचित्र म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला पुरावा, ही आपली समजूत किती कच्ची आहे हे या एका चित्रावरून कळावे. ज्यांच्या त्या अस्थी होत्या त्यांची नावे अर्थातच कोणी लिहून ठेवली नाहीत. नावांचा हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

छायाचित्र जसेच्या तसे छापण्याची 'हाफटोन' पद्धत आली आणि सारे पालटले. न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक'ने ४ मार्च १८८० रोजी असे एक चित्र छापले, ही घटना या विद्येच्या इतिहासात मैलाचा दगड मानली जाते. काळ्या-करड्या छटांचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करावयाचे, एवढेच त्यातील मर्म. आजही चित्र हातात आले की मी प्रथम साधे शाळकरी भिंग त्यावर धरतो. ठिपके दिसले तर ते छापील कात्रण. ठिपके नाहीत आणि करडी छटा दुधावरच्या सायीसारखी अखंड असेल, तर ती निगेटिव्हवरून काढलेली प्रत. आठवड्याच्या बाजारात चौकटीत बसविलेली आणि 'मूळ फोटो' म्हणून मोठ्या किमतीला विकली जाणारी पुष्कळशी चित्रे या दोन क्षणांच्या परीक्षेत नापास होतात. तारेने पाठविलेल्या चित्रांची गोष्ट आणखी निराळी. अमेरिकेतील असोसिएटेड प्रेसने १ जानेवारी १९३५ पासून तारायंत्राद्वारे छायाचित्रे पाठविण्याची नियमित व्यवस्था सुरू केली. अशा चित्रांवर बारीक आडव्या रेषा दिसतात, आणि पुष्कळदा मजकुराची पट्टी चित्राच्या कडेलाच चित्रासोबत उमटलेली असते.

खरी मौज आहे ती वृत्तसंस्थेच्या प्रतीत, आणि तिच्याही पुढच्या बाजूस नव्हे तर पाठीवर. चित्र उलटे करावे. तेथे वृत्तसंस्थेचा शिक्का असतो, चित्र कार्यालयात आल्याची तारीख असते, टंकलिखित मजकुराची चिठ्ठी डिंकाने चिकटवलेली असते. युद्धकाळातील प्रत असेल तर तपासनीसाच्या मंजुरीचा शिक्काही असतो. एखाद्या उपसंपादकाने निळ्या पेन्सिलीने 'तीन कॉलम' अशा अर्थाचे काही खरडलेले असते. पुढच्या बाजूस मेणाच्या लाल पेन्सिलीने चित्र कोठे कापावयाचे त्या रेघा, आणि ब्रशाने दिलेले पांढरे-करडे हात. वर्तमानपत्राचा कागद खरखरीत, छपाई भरड. त्यात काळा गणवेश काळ्या पार्श्वभूमीत बुडून जाऊ नये म्हणून कार्यालयातील कलाकार सैनिकाच्या खांद्याची कड रंगाने उठावदार करीत असे. पूर्वी हौशी लोक हा रंग ओल्या कापसाने पुसून चित्र 'स्वच्छ' करीत. असे करणे म्हणजे ताम्रपटावरची अक्षरे घासून तांबे चकचकीत करण्यासारखे आहे. लाल रेघेच्या बाहेर काय ठेवले आणि आत काय घेतले, हे पाहणे हाच या छंदाचा गाभा आहे असे मला वाटते.

कापण्या-पुसण्याचे एक उदाहरण तर जगप्रसिद्ध आहे. बर्लिनमधील राइशस्टागच्या इमारतीवर सोव्हिएत ध्वज फडकविणाऱ्या सैनिकांचे येवगेनी खाल्देई याचे छायाचित्र २ मे १९४५ चे. ध्वज त्याने मॉस्कोहून नेला होता. टेबलावर घालावयाच्या लाल कापडातून तो शिवलेला होता. चित्र पाहताना लक्षात आले की ध्वजधारकाला खालून आधार देणाऱ्या सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे आहेत. विजयी सैन्य लूट करीत आहे असा बोभाटा व्हावयाचा! तेव्हा निगेटिव्हवर खरवडून एक घड्याळ नाहीसे करण्यात आले, आणि पुढे आकाशात धूरही थोडा वाढविण्यात आला. ज्याच्याजवळ दोन घड्याळांची प्रत आहे आणि ज्याच्याजवळ एका घड्याळाची आहे, त्या दोघांजवळ दोन वेगळे इतिहास आहेत.

याच्या उलट गोष्ट जो रोझेंथल याच्या इवो जिमाच्या चित्राची. २३ फेब्रुवारी १९४५, शुक्रवार. रविवारच्या अंकांत ते अमेरिकाभर पहिल्या पानावर झळकले. त्याला त्याच वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यावरून टपालाचे तिकीट निघाले, शिल्प उभे राहिले. हे चित्र मुद्दाम जुळवून घेतलेले आहे असा प्रवाद अनेक वर्षे चालला. तो खरा नाही, हे त्याच वेळी घेतलेल्या चलच्चित्रावरून सिद्ध होते. चूक होती ती दुसरीकडेच. ध्वज उभारणाऱ्या सहा जणांपैकी एकाचे नाव चुकले होते असे अमेरिकन मरीन दलाने २०१६ मध्ये मान्य केले, आणि २०१९ मध्ये आणखी एकाचे. जगातील बहुधा सर्वांत अधिक वेळा छापले गेलेले युद्धचित्र, सरकारी चौकश्या, इतकी वृत्तपत्रे, इतके इतिहासकार. तरी खालची नावे दुरुस्त होण्यास सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला. मग ज्या चित्रांखाली नावे लिहिण्याची तसदीच कोणी घेतली नाही, त्यांचे काय?

हा प्रश्न आपल्या घराजवळचा आहे. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले आणि दुसऱ्यात भारतीय सैन्याची संख्या पंचवीस लाखांपर्यंत गेली. सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी पलटणी मार्सेलिसच्या बंदरात उतरल्या तेव्हा फ्रेंच जनतेने त्यांच्यावर फुले उधळल्याची चित्रे लंडनच्या सचित्र साप्ताहिकांनी हौसेने छापली. १९१५ साली एच. डी. गर्डवुड या छायाचित्रकारास फ्रान्समधील हिंदी सैन्याची चित्रे घेण्याची परवानगी मिळाली. त्याची चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. खंदकातील जवान, चपात्या भाजणारे लांगरी, रुग्णालयातील जखमी, असे पुष्कळ त्यांत आहे. हल्ल्याची काही दृश्ये मात्र पिछाडीस सुरक्षित जागी घडवून आणलेली होती. मला त्यांतील हल्ल्यांपेक्षा चपात्याच अधिक विश्वसनीय वाटतात.

त्याच युद्धातील एक चित्र मी कधीही विकत घेतलेले नाही, आणि घेणारही नाही. परंतु ते विसरता येत नाही. मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंडची सहावी, म्हणजे 'पूना' डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडली. तिच्यात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार लोक तुर्कांच्या हाती पडले. वेढ्यातून जिवंत सुटलेल्या एका हिंदी सैनिकाचे छायाचित्र लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. बरगड्या मोजून घ्याव्यात, मांड्या मनगटाएवढ्या, आणि नजर थेट कॅमेऱ्याकडे. मथळ्यात वेढ्याचे नाव आहे. सैनिकाचे नाव नाही.

भुकेने गांजलेल्या शरीराचे चित्र छापावे काय, आणि छापले तर पुढे ते कोणी भिंतीवर लावावे काय, हा वाद या छंदात कधीच मिटत नाही. दुसऱ्या महायुद्धात या वादाला आपल्याकडे मोठे गंभीर रूप आले. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. जपानी फौजा ब्रह्मदेशात येऊन ठेपलेल्या, तेथील तांदूळ बंद झालेला, सरकारी धोरणाने नावा आणि धान्य हलविलेले, भाव आकाशाला भिडलेले. आणि वृत्तपत्रांवर युद्धकालीन तपासणीचा जाच. कलकत्त्याचे 'स्टेट्समन' हे इंग्रजांच्या मालकीचे दैनिक. त्याचे संपादक इयान स्टीफन्स यांच्या ध्यानात आले की निर्बंधांच्या नियमांत मजकुराविषयी पुष्कळ काही आहे, छायाचित्रांविषयी मात्र अवाक्षर नाही. २२ ऑगस्ट १९४३ च्या रविवारच्या अंकात त्यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर पडलेल्या उपाशी माणसांची छायाचित्रे छापली, आणि पुढच्या रविवारी आणखी. जे शब्दांनी सांगू दिले जात नव्हते ते चित्रांनी दिल्लीला आणि लंडनला सांगितले. सरकारी चौकशी आयोगाने पुढे १९४५ मध्ये बळींचा आकडा पंधरा लाख दिला. नंतरच्या अभ्यासकांपैकी अनेकांनी तो तीस लाखांच्या आसपास धरला आहे.

त्याच दुष्काळात सुनील जाना हा तरुण छायाचित्रकार आणि चित्तप्रसाद हा चित्रकार गावोगाव हिंडले. जानांची छायाचित्रे कम्युनिस्ट पक्षाच्या 'पीपल्स वॉर' या साप्ताहिकात येत. चित्तप्रसादांनी मेदिनीपूरच्या दौऱ्यातील रेखाटने आणि टिपणे 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेत प्रसिद्ध केली. सरकारने तिच्या पाच हजार प्रती जप्त करून नष्ट केल्या. कुटुंबीयांनी जपून ठेवलेली एक प्रत तेवढी वाचली, आणि २०११ मध्ये तिच्यावरून हुबेहूब आवृत्ती निघाली. पाच हजारांतील एक! छापील चित्र हे मुळात विपुल असते, म्हणून त्याला किंमत नाही असे मानणाऱ्यांना मी नेहमी ही गोष्ट सांगतो. पुढे चित्तप्रसादांचे पुष्कळसे आयुष्य मुंबईत अंधेरीला गेले.

'स्टेट्समन'चा तो अंक कोणाजवळ असेल तर त्याने तो चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावू नये, असे माझे मत आहे. जपावा जरूर. हात धुऊन, टेबलावर पसरून, मुलांना वयाप्रमाणे दाखवावाही. पण पाहुण्यांनी चहा घेताना सहज नजर टाकावी अशी ती वस्तू नव्हे. या मताशी सहमत नसलेले संग्राहक आहेत; लपविणे हेच तर त्या वेळच्या सरकारचे काम होते, असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, हे मी नाकारीत नाही.

आम्हा बडोदेकरांना या विषयाचा एक घरचा धागा आहे. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे उत्तरायुष्य याच शहरात, अत्यंत साधेपणाने गेले. १५ जानेवारी २०१२ रोजी त्या येथेच निवर्तल्या. त्याच्या आदल्या वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले होते. जन्म १९१३ चा, नवसारीचा. मुंबईत असताना त्यांची सुरुवातीची चित्रे 'इलस्ट्रेटेड वीकली'त छापून आली ती त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने. स्त्रीचे नाव घातले तर चित्राचे वजन कमी होईल अशी तेव्हाची समजूत. १९४२ मध्ये त्या दिल्लीस ब्रिटिश माहिती खात्यात रुजू झाल्या. तेव्हा युद्धकाळातील 'वीकली'चे अंक चाळताना चित्राखालचे नाव वाचून पुढे जाऊ नये. ते नाव खरे असेलच असे नाही. 'वीकली' १९९३ मध्ये बंद पडले. त्याचे अंक अजून रद्दीत येतात, पण फोडलेल्या अवस्थेत. जाहिराती आणि रंगीत पाने वेगळी काढून विकणारे लोक अंकाचे तुकडे करतात, आणि तारीख असलेले पान पहिल्या फटक्यात हरवते. कात्रण कापताना तारीख आणि अंकाचे नाव ठेवले नाही तर ते चित्र पोरके झाले म्हणून समजावे.

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धचित्रांत सर्वांत अधिक घरांत पोहोचलेले चित्र निःसंशय १६ डिसेंबर १९७१ चे. ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावरील ते टेबल, त्यावर वाकून सही करणारे नियाझी, शेजारी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा, आणि मागे उभे असलेले सेनाधिकारी. कॅलेंडरांवर, शाळांच्या भिंतींवर, केशकर्तनालयांत सर्वत्र ते दिसे. त्या क्षणी अनेक कॅमेरे चालू होते, त्यामुळे या प्रसंगाच्या थोड्या थोड्या कोनांनी निराळ्या प्रती मिळतात, आणि त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यात अर्धा तास सहज जातो. परंतु त्यानंतर दोनच दिवसांनी, १८ डिसेंबरला, ढाक्यातच मुक्तिवाहिनीच्या लोकांनी काही बंदिवानांना जमावासमोर संगिनींनी भोसकून ठार केले. हॉर्स्ट फास आणि मिशेल लॉराँ यांनी त्याची छायाचित्रे घेतली आणि १९७२ चे पुलित्झर पारितोषिक त्यांना मिळाले. कॅमेरे समोर आहेत म्हणूनच हे घडते आहे, असे वाटून काही छायाचित्रकार मात्र तेथून निघून गेले होते. कोणाचे बरोबर? मी ती चित्रे पाहिली आहेत आणि उत्तर देऊ शकत नाही. त्याच युद्धात किशोर पारेख हे कोणत्याही वृत्तपत्राने पाठविलेले नसताना स्वतःच्या जबाबदारीवर गेले, आणि त्यांची सदुसष्ट छायाचित्रे १९७२ मध्ये पुस्तकरूपाने आली. सांगावयास नको, त्या पुस्तकाची पहिली आवृत्ती आज रद्दीत मिळत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो तो त्यातील लाकडाच्या लगद्यामुळे. १८५० पूर्वीचा चिंध्यांचा कागद त्याहून कितीतरी गोरा राहिलेला दिसेल. उजेड आणि हवा हे त्याचे शत्रू, म्हणून अंक उलगडून सपाट ठेवावा, शक्यतो आम्लरहित कागदाच्या घड्यांत. पारदर्शक चिकटपट्टी कदापि लावू नये. दहा वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन कागदात उतरतो, आणि मग तो काढणे कोणाच्याही हातचे राहत नाही. फाटलेच असेल तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. आपल्या आज्यांना खळ करता येत होतीच. प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून घेणाऱ्या हौशी मंडळींना मी हात जोडतो. छायाचित्रांसाठी पॉलिएस्टरची पाकिटे चालतात, पीव्हीसीची चालत नाहीत. ती पावसाळ्यात चित्राला चिकटतात. डांबराच्या गोळ्या कपाटात फार तर कोपऱ्यात असाव्यात, चित्राला लागून नव्हेत. कसर आणि बुरशी यांवर खरा उपाय म्हणजे दर दोन महिन्यांनी पेटी उघडून पाहणे, आणि तो आळशी माणसाला जमत नाही.

जुन्या निगेटिव्ह सापडल्या तर कडेला 'सेफ्टी' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे आहेत का ते पाहावे. १९५० पूर्वीच्या पुष्कळ फिल्मा नायट्रेटच्या असत, आणि नायट्रेट एकदा पेटले की पाण्याखालीही जळते. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील नायट्रेट रिळांना आग लागून अमोल चित्रपट भस्म झाले, हे अनेकांना आठवत असेल. तपकिरी, चिकट झालेल्या, तीव्र वासाच्या फिल्मा माळ्यावर ठेवू नयेत.

बनावटीविषयी एकच सोपी कसोटी. फोटोच्या कागदात चकाकी आणणारी द्रव्ये सुमारे १९५५ नंतर वापरात आली. नोटा तपासावयाचा जांभळा दिवा अंधारात धरला असता कागद निळसर पांढरा चमकला, तर ते चित्र १९४३ साली काढलेली प्रत नव्हे, मागाहून काढलेली आहे. मग विक्रेता काहीही शपथ घेवो. न चमकला तर ती जुनीच आहे असे मात्र सिद्ध होत नाही. आणि एक कायदा ध्यानात असू द्यावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मूल्य असलेले हस्तलिखित वा कागदपत्र पंचाहत्तर वर्षांचे झाले की ते पुरावस्तूच्या व्याख्येत येऊ शकते, आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही. दुसऱ्या महायुद्धाचे सारे कागद आता ती मर्यादा ओलांडून गेले आहेत. परदेशातून चांगल्या किमतीचे पत्र आले तर आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी.

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे त्या भागात, खानापूर-चंदगडपर्यंत, सैनिकी घरांतील पत्र्याच्या ट्रंकांत अशी चित्रे अजून सापडतात. इटलीच्या मोहिमेत या रेजिमेंटच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: नाईक यशवंत घाडगे यांना, १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात, मरणोत्तर, आणि शिपाई नामदेव जाधव यांना, ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर. घाडग्यांचा पुतळा माणगावात आहे, आणि इटलीतील माँतोने या गावी २०२३ च्या जुलैमध्ये त्यांच्या नावाने छायाघटिकेचे स्मारकही झाले. पण ही दोन नावे झाली. बाकीचे हजारो 'भारतीय सैनिक' एवढ्याच मजकुराखाली उभे आहेत. इंग्रज अधिकाऱ्याचे नाव हुद्द्यासकट, आणि पुढे 'व त्याचे जवान'.

सोयरिकीच्या निमित्ताने मी काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एका घरी गेलो होतो. घरातील आजी नव्वदीच्या घरात होत्या. त्यांच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून कोणत्या तरी युद्धकालीन साप्ताहिकाचे एक पान खळीने चिकटवलेले होते. सात जवान एका ओढ्याकाठी बसून मग्यांतून चहा घेत आहेत, मागे ढासळलेले कौलारू घर. मजकूर नेहमीचा: इटली, मराठा सैनिक, विश्रांतीचे क्षण. आजींनी चष्मा मागवला नाही. बोट ठेवून त्या म्हणाल्या, "डावीकडून तिसरे, ते आमचे थोरले भाऊजी. त्यांच्या शेजारचा तो नंदगडचा. आणि हे दोघे चुलतभाऊ, एक परत आला, एक नाही आला." नावे त्यांनी सांगितली तशी मी लिहून घेतली, पानाचे जागेवरच छायाचित्र काढले, आणि मऊ पेन्सिलीने त्या प्रतीच्या पाठीवर चार नावे, गावे आणि सांगणाऱ्याचे नाव व तारीख घातली. एक प्रत घरच्यांना दिली, एक रेजिमेंटच्या केंद्राकडे पाठविली. मूळ पान झाकणावरून सोडविण्याचा मोह मी टाळला. ते आहे तेथेच आहे. उरलेल्या तिघांविषयी आजींना विचारले तेव्हा त्यांनी बराच वेळ चित्राकडे पाहिले आणि ते आपल्या गावचे नव्हेत, एवढेच सांगितले.